सरपंचाची सहा फुटी टाकी

आनंदा,

भांडण अर्ध्यात टाकून कुणी जातं व्हय रे? चार महिने मी वाट बघितली की तू फोन करशील. चार महिने तू वाट बघितलीस की मी करीन. आणि मधेच असा उठून गेलास. दोघांपैकी एकाला तरी आधी लाज वाटेल असं मी धरून चाललो होतो. तुला ती वाटणार नव्हती हे माहीत होतं. मला वाटत होती, पण फोन उचलायला थोडी कमी पडत होती. आता तुझं उत्तरकार्य उरकलंय, उचगावच्या घरात तुझा फोटो हार घालून बसलाय, आणि मी इथं दुकानात काच कापायच्या टेबलावर कागद पसरून बसलोय. समोर बोलायची सोय ठेवली नाहीस म्हणून लिहितोय. मधे मधे बोलू नको.

रक्षाविसर्जनाला तुझा कुणी पाहुणा माझ्याजवळ सरकला. "दस्तगीरभाई, तुमचं आणि आनंदाचं बोलणं बंद हुतं म्हणं? कशापायी?" म्हणाला. काय सांगणार त्याला? लोकं बांधावरनं भांडतात, भावकीत भांडतात. आपण दोघं साठीला टेकलेले बाप्ये माशाच्या टाकीवरनं भांडलो, आणि तेही पाऊण इंचावरनं. मी म्हणालो, "काय न्हाय हो, असंच," आणि तिथनं बाजूला झालो.

सुरुवात तूच केलीस. सात वर्षं झाली. खिडकीची काच न्यायला आलास आणि दुकानातल्या माशांच्या टाक्यांपुढं उभा राहिलास. दोन इंचाचा ऑस्कर होता एका टाकीत, काळा, अंगावर नारिंगी ओघळ. त्यानं तुझ्याकडं बघितलं, तू त्याच्याकडं बघितलंस, आणि खिडकीची काच तिथंच भिंतीला टेकून राहिली.

"केवढा हुतोय ह्यो?" तू विचारलंस.

"फूटभर. आत्ता बारका दिसतोय म्हणून नेऊ नको, आनंदा. सिक्लिड हाय, मोठ्या जातीचा. ह्येला कमीत कमी चार फुटी टाकी लागंल. आणि ह्येच्या संगं बारकं मासं ठिवायचं न्हाईत."

"दोन फुटी दे. मासा टाकीएवढाच वाढतोय."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगाय कशाला पायजे? साचा जेवढा, माल तेवढा."

आता ह्यावर काय बोलायचं? तू पॅटर्नमेकर. फौंड्रीत लोखंडाचा जो पार्ट ओतायचा, त्याचा आधी लाकडी नमुना करायचा, त्यावर वाळूचा साचा उठवायचा, आणि साच्यात रस ओतायचा. चाळीस वर्षं नमुने करून तुझ्या डोक्यात तेवढंच बसलेलं. तुझ्या हातचे नमुने कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीपर्यंत नावाजलेले, हे मान्य. पण मासा म्हणजे कास्टिंग हाय व्हय, असं मी विचारलं तर म्हणालास, "तू काच काप. मला शिकवू नको."

दोन फुटी टाकी नेलीस, आणि वर सोबत म्हणून बारा निऑन टेट्रा. नको म्हणालो, दहादा म्हणालो. तुझं आपलं एकच, घरात एकटं माणूस राहत नाही तर मासा कसा राहील. दोन महिन्यांनी फोन.

"दस्त्या, तुजं मासं खोटं हायत. बारा दिलंस, सात हायत."

"ऑस्करच्या पोटात बघ की."

"छ्या. त्यो गरीब हाय. शेजारचं मांजर येतंय बहुतेक."

मांजर! झाकण उघडायचं, पाच मासे खायचे आणि जाताना परत झाकण लावायचं, एवढं शिस्तीचं मांजर अख्ख्या उचगावात कधी झालं नाही. पण तू महिनाभर त्या मांजराच्या मागं काठी घेऊन फिरलास. टाकीत एकच टेट्रा उरला तेव्हा कुठं तुझा संशय फिरला, आणि तरी तू त्या माशाला रागावला नाहीस. उलट त्याचं नाव सरपंच ठेवलंस. का, तर दारातनं येणाऱ्या प्रत्येकाकडं काचेजवळ येऊन रोखून बघायचा आणि काम काही करायचा नाही.

मग म्हणालास, बारकं खातोय न्हवं, मोठं घालतो. पेठ वडगावला तुझ्या थोरल्या भावाकडं, आण्णांकडं, गेलेलास. तिथल्या बाजारातनं चार गोल्डफिश प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेस. मला विचारलंस? नाही. गोल्डफिशला गार पाणी लागतं, सरपंचाला कोमट. चौघांच्या शेपट्या दोन दिवसांत गेल्या, चौथ्या दिवशी गोल्डफिशही गेले. वहिनींनी मला सांगितलं, तू त्या दिवशी जेवला नाहीस. पण मला फोन केलास तो वेगळ्याच कारणानं. टाकी लहान पडायला लागली होती.

दोन फुटीची तीन फुटी केलीस, तिनाची चार. सगळ्या मीच केल्या. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता हा गडी म्हणेल की दस्तगीर, तुझं बरोबर होतं. एकदा मी तोंडावर विचारलंच. "टाकीएवढाच वाढतोय म्हणत हुतास न्हवं?" तर तू शांतपणे म्हणालास, "व्हय की. टाकी मोठी केली म्हणून वाढला." मी पान्हा खाली ठेवला आणि बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. तुझ्या घरी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

आणि तो फ्लॉवरहॉर्न. ते तर मी कधीच विसरणार नाही. माझ्याकडनं मिळणार नाही म्हणून दुसऱ्या कुठल्या दुकानातनं गुपचूप आणलास, लालभडक, कपाळावर टेंगूळ. नाव काय, तर विरोधी पक्ष. अरे, ऑस्कर काय आणि फ्लॉवरहॉर्न काय, दोघं एकाच भावकीतले, दोघांनाही सगळी जागा आपलीच वाटते. तासाभरात सरपंचाची शेपूट फाटली. मी स्कूटरवर बादली घेऊन उचगावला आलो, पावसाळी कोट घातलेला, आणि तुझ्या हॉलमध्ये गुडघ्यावर बसून त्या राक्षसाला बाहेर काढला. तो अजून माझ्या दुकानात आहे. गिऱ्हाईक आलं की काचेवर धडका देतो.

त्या दिवशी तू नेहमीसारखा चढ्या आवाजात बोलला नाहीस. सोफ्याच्या कडेवर बसून फाटक्या शेपटीकडं बघत होतास.

"एकटा ऱ्हातोय रे त्यो."

"त्येला एकटंच आवडतंय."

"तुला त्येनं सांगितलं?"

"व्हय. काल फोन आलता."

तू हसला नाहीस. मग मलाच वाईट वाटलं आणि मी नीट समजावून सांगितलं. सोबत द्यायचीच तर अशी दे, जी ह्याच्या तोंडात मावणार नाही आणि ह्याच्या अंगावर जाणार नाही. सिल्व्हर डॉलर घाल. ताटलीएवढे होतात, चपटे, पळायला चपळ, पाच-सहा जण मिळून राहतात, कुणाच्या अध्यात नाहीत. तळाला एखादा मोठा प्लेको, तो आपला दगड चाटत बसेल. पण आधी जागा पाहिजे. चार फुटात ह्याचं स्वतःचं भागत नाही, तिथं पाहुणे कुठं बसवतोस? तू "बघू" म्हणालास. तुझ्या "बघू"चा अर्थ मला पाठ होता, म्हणून मी तो विषय सोडला.

गेल्या वर्षी मी तुला धरून त्या टाकीपुढं बसवलं, आठवतंय? चार फूट लांब, पण पुढनं मागं फक्त पंधरा इंच, आणि सरपंच झालेला फूटभर. वळायचं म्हटलं की शेपूट दुमडून घ्यायचा, नाक काचेला घासायचं, मग एकदाचा वळायचा. नाकावर पांढरा घट्टा पडला होता. तू दोन-तीनदा त्याला वळताना बघितलास आणि चष्मा काढून पुसलास.

"ह्येला वळता येत न्हाय, दस्त्या."

"न्हाय येत."

"सहा फुटी कर. रुंदी दोन फूट, उंची दोन फूट. स्टँड मी करतो."

त्या दिवशी मी स्कूटरवरनं गाणं म्हणत घरी गेलो. सहा वर्षं डोकं फोडल्यावर तुला एक गोष्ट पटली होती. भरलेली टाकी सातशे किलोच्या वर जाणार, म्हणून आपण दोघांनी मिळून भिंतीकडची जागा ठरवली. तू सागवान आणलंस. स्टँड असा केलास की बघत राहावं, खाली मधोमध आडवे टेकू, आणि दोन्ही टोकांना वर आलेली कड, म्हणजे टाकी त्यात बसली की इकडं तिकडं सरकायला नको. मी बारा एमएमची काच घेतली. सहा फूट म्हणजे सहा फूट, बहात्तर इंच. तीस वर्षांत माझी काच सूतभर चुकलेली नाही, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे तुला सांगायला नको.

टाकी आणली, स्टँडवर ठेवली, आणि एका टोकाला पाऊण इंच फट राहिली.

एवढंच. दुसरा कुणी असता तर फळीचा तुकडा घातला असता आणि चहा मागवला असता. पण आपण दोघं पडलो मापाची माणसं.

"टाकी कमी कापलीस," तू म्हणालास.

"स्टँड मोठा झालाय तुजा."

तू पिशवीतनं तुझी दोन फुटी स्टीलची पट्टी काढलीस, तीनदा ठेवून टाकी मोजलीस. पाऊण इंच कमी भरली. मी माझा टेप काढून स्टँड मोजला. पाऊण इंच जास्त भरला. तू परत टाकी मोजलीस, मी परत स्टँड मोजला. वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन उभ्या.

"तुज्या टेपचं टोक वाकडं हाय."

"माज्या टेपचं? आनंदा, तोंड सांभाळून बोल. ह्या टेपवर माजं घर चालतंय."

"माज्या पट्टीवर फौंड्र्या चालत्यात. अर्ध्या सुताला माल परत येतोय आमचा. तुज्यासारखं काचंला पुटीन लावून भागत न्हाय."

पुटीन! काचेचे सांधे सिलिकॉननं जोडणाऱ्या माणसाला तू खिडकीला चोपडायचं पुटीन काढून दाखवलंस. मी टेम्पोवाल्याला परत बोलावलं आणि तुझ्या अंगणातनं टाकी उचलून घेऊन आलो. पोहे तसेच राहिले. दारातनं बाहेर पडताना सरपंच माझ्याकडं बघत होता, पण त्याला कोण विचारतो. आपल्या दोघांच्या तोऱ्यात तो त्या पंधरा इंचात आणखी चार महिने नाक घासत राहिला. ह्याची मात्र मला खरंच लाज वाटते, आनंदा. तुझ्याशी बोललो नाही त्याची वाटते त्याहून जास्त, असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही.

आता मी काय केलं ते ऐक. तू जाण्याच्या आठवडाभर आधी मी ती टाकी उकलायला घेतली. तुला ओळखत होतो. तू मेलास तरी तो स्टँड बदलणार नाहीस असं मी बायकोला म्हणालो होतो, आणि हे शब्द आता माझ्या तोंडात राखेसारखे लागतात. जुने सांधे ब्लेडनं सोडवले. पुढची, मागची आणि तळाची अशा तीन काचा नव्यानं कापल्या, तुझ्या स्टँडच्या मापाच्या, सहा फूट पाऊण इंच. मनात असं होतं की एक दिवस टेम्पो घेऊन दारात उभं राहायचं, एक अक्षर न बोलता टाकी बसवायची, आणि पोहे मागायचे.

शेवटच्या सांध्याला सिलिकॉन मारत होतो तेव्हा तुझ्या पॅटर्न शॉपमधनं फोन आला. कानाला खांद्यानं धरून ऐकला. सिलिकॉन मारायला घेतलं की मधे थांबता येत नाही, थांबलं की तिथं टाकी गळते. मी तो सांधा कोपऱ्यापर्यंत पुरा केला. बोटानं साफ केला. मग फोन खाली ठेवला आणि फरशीवर बसलो. ऐकणारे म्हणतील, काय माणूस आहे हा. तू म्हणाला नसतास. तू ओतकाम चाललेलं सोडून स्वतःच्या लग्नाला उशिरा गेलेला माणूस. त्या दिवशी मला रडू आलं नाही, आनंदा. राग आला. अजून आहे.

उत्तरकार्याचं जेवण झालं आणि आण्णा टाकीपुढं उभे राहिले. सरपंच दहा-बारा दिवस धड खात नव्हता, कोपऱ्यात पडून होता.

"मुका जीव हाय," आण्णा म्हणाले. "रविवारी रंकाळ्यात सोडू. आनंदाला बी पुण्य लागंल."

"आण्णा, असं करू नका. ह्यो हितला मासा न्हवं. जगला तर रंकाळ्यातलं बारकं मासं खाऊन टाकंल, आणि न्हाय जगला तर ह्यो मरंल. त्यात पुण्य कुठनं आलं?"

"मग घरात कोण करणार ह्येचं? आनंदाची बायको एकटी. पाणी काढा, पाणी भरा, तिला झेपतंय व्हय?"

वहिनी पदरानं हात पुसत म्हणाल्या, "मोठ्या टाकीत न्यायचा हाय त्येला. त्ये शेवटपतुर म्हणत हुतं."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "टाकी तुमच्याकडं हाय म्हणं. शनिवारपतुर बसली तर बसली. न्हाय तर मी रविवारी त्येला घिऊन जाणार."

माझी टाकी तयार होती, पाणी भरून तपासलेली, एक थेंब गळत नव्हता. मी छाती काढून म्हणालो, "शनिवारी सकाळी बसली म्हणून समजा." पाऊण इंचाचं औषध माझ्याजवळ होतं ना.

शनिवारी तुझ्या शॉपमधले चौघं गडी आले. सव्वाशे किलोची काच दारातनं आडवी उभी करत आत घेतली, स्टँडवर धरली, डावीकडचं टोक टेकवलं, आणि उजवीकडचं कडेवर अडकलं. बसेना. पाऊण इंच जास्त.

मी टाकी खाली गादीवर ठेवायला लावली आणि तुला शिव्या घातल्या. तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढं उभं राहून, नाव घेऊन, मोठ्यानं. चौघं गडी माना खाली घालून उभे. आण्णा दाराशी. मला काहीच समजत नव्हतं. चार महिन्यांपूर्वी मी ह्याच स्टँडवर सहा फूट पाऊण इंच मोजलं होतं, आणि आता टेप बरोबर सहा फूट दाखवत होता. मी टेपचं टोक बघितलं. खरंच बघितलं, आनंदा, वाकडं आहे का म्हणून. हा दिवस तू मला दाखवलास.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "त्या डाव्या कडंला त्येनी पट्टी मारलीया. महिना झाला. कुणाला सांगू नको म्हणलं हुतं."

मी वाकून बघितलं. कडेच्या आतल्या अंगाला सागवानाची पट्टी, पाऊण इंच जाड, पॉलिश इतकं जुळवलेलं की हात फिरवल्याशिवाय जोड कळेना. चार पितळी स्क्रू, चारींच्या खाचा एका रेषेत. दुसऱ्या कुणाचं काम असूच शकत नव्हतं. वहिनींनी आतनं तुझी पिशवी आणली. तिच्यात स्टीलच्या दोन पट्ट्या होत्या, दिसायला सारख्या. मी दोन्ही एकाला एक लावून धरल्या. एकीकडचे दोन फूट दुसरीकडच्या दोन फुटांपेक्षा दोन सूत लांब.

कडेला उभ्या असलेल्या तुझ्या गड्यानं सांगितलं, मला काय कळणार होतं. ओतलेलं लोखंड गार होताना आटतं, फुटाला एक सूत. म्हणून नमुना तेवढा मोठा करायचा, आणि त्यासाठी पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांब असते. तिच्यावरचा फूट हा फुटापेक्षा एक सूत जास्त. शॉपमधली ती पट्टी तू चुकून घरच्या पिशवीत टाकलीस आणि साधी शॉपमध्ये राहिली, मागनं कधीतरी ती आणून दोन्ही एकाला एक लावून बघितल्या असशील. सहा फुटाला सहा सूत. पाऊण इंच. तू सरपंचाच्या स्टँडला लोखंडाची आट दिली होतीस.

म्हणजे तुला महिन्यापूर्वी कळलं होतं. आणि तू फोन केला नाहीस. सागवान शोधलंस, रंधलंस, पॉलिश जुळवलंस, स्क्रूच्या खाचा एका रेषेत आणल्यास, पण "दस्त्या, माझं चुकलं" हे तीन शब्द तुला झाले नाहीत! त्यांना पॉलिश लागत नव्हतं रे. आणि मग लक्षात आलं की मी तरी काय केलं होतं? तीन काचा कापल्या. तू पट्टी मारून स्टँड माझ्या टाकीएवढा केलास, मी काच वाढवून टाकी तुझ्या स्टँडएवढी केली, आणि आता दोन्ही मिळून परत बसत नव्हतं. दोघांनी माघार घेतली, तीही एकमेकांना न सांगता. असले दोन गाढव सगळ्या जिल्ह्यात सापडायचे नाहीत.

"फोन दोनदा हातात घेतलता त्येनी," वहिनी म्हणाल्या. "परत ठिवला. मग सरपंचाम्होरं जाऊन बसायचं आणि त्येलाच सगळं सांगायचं. तुमच्यावरच्या शिव्या त्येला पाठ झाल्या असत्याल."

मला तुझी सागवानी पट्टी काढावी लागली. दुसरा उपाय नव्हता. मी स्वतः काढली, गड्यांना हात लावू दिला नाही. चौथा स्क्रू निघाला आणि ती हातात आली. पाठीमागं सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर तू पार्टीचं नाव आणि आटीचं माप लिहायचास, तसंच. "दस्तगीर. ६ सूत." बस. माफी नाही, काही नाही. आण्णांनीच मला धरून खुर्चीवर बसवलं आणि पाणी दिलं.

नंतर टाकी बसली. दोन्ही बाजूला पोस्टकार्ड जाईल एवढी फट. माझ्या टेपनं ती सहा फूट पाऊण इंच आहे. तुझ्या त्या लांब पट्टीनं मोजली तर बरोबर सहा फूट. म्हणजे शेवटी टाकी तुझ्याच मापाची झाली की रे. नसताना जिंकलास.

जुन्या टाकीचं निम्मं पाणी आणि जुना फिल्टर तसाच नव्या टाकीत घेतला, म्हणजे सरपंचाला पाणी ओळखीचं लागावं. दुपारी त्याला सोडला. आण्णा खुर्ची घेऊन समोर बसले. एवढी जागा, आणि हा बाबा एका कोपऱ्यात जाऊन, शेपूट दुमडून, नाक काचेला लावून वळला. परत तसाच. दोन फूट रुंदी मोकळी पडलेली, आणि तो आपला पंधरा इंचातच वळतोय. मला बघवेना. "शिकंल," आण्णा म्हणाले. रविवारी ते वडगावला गेले, मोकळ्या हातानं. जाताना वहिनींना म्हणाले, पाणी बदलायला महिन्यातनं एकदा मी येत जाईन. तुझा भाऊ शोभतो.

सोबतीचंही ठरवलंय. माझं मत अजून तेच आहे, त्याला एकटंच आवडतं. पण महिनाभर पाणी मुरलं की पाच सिल्व्हर डॉलर घालणार आहे, तळाला एक प्लेको. तुझं एवढं एक ऐकतो. वहिनीही दिवसभर त्याच्यापुढंच बसलेल्या असतात. टाकीत थोडी हालचाल असली तर त्यांनाही बरं. विरोधी पक्ष मात्र माझ्याकडंच राहील, कितीही आग्रह केलास तरी.

आज सकाळी दुकान उघडलं तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, वळला! मधोमध येऊन, नाक न घासता, एका दमात वळला सरपंच." आवाज असा की घरात कुणी पास झालंय. मी "व्हय? व्हय?" म्हणत राहिलो. त्यांनी फोन ठेवला, आणि मी कसलाही विचार न करता तुला लावला. बोटानं आपोआप लावला, सात वर्षं लावत होतो तसा. वाजायला लागला तेव्हा कळलं काय केलंय, पण तोडवेना. पलीकडनं वहिनींनीच उचलला.

"चुकून लागला, वहिनी," मी म्हणालो.

"असू दे, भावजी." मग म्हणाल्या, "त्येंच्या फोनवर तुमचं नाव काय येतंय म्हाईत हाय? 'वाकडा टेप'. भांडणानंतर बदललं हुतं. पट्टी मारली तरी परत न्हाय बदललं."

टेप सरळ होता, आनंदा. सरळ होता रे, लेका.